सुट्टीच्या दिवशीचा पाहुणा

काष्टीच्या बाजारात एका शनिवारी मी चाचांना हाक मारली. ते वळले, मान झुकवून सलाम केला आणि अगदी अदबीनं म्हणाले, “कोन आपन?”

मला वाटलं, उन्हामुळे दिसलं नसेल. मी डोक्यावरचा पदर मागे सारला. “चाचा, मी. डेअरीतली. पावत्या काढते ती.”

“असाल,” ते म्हणाले. “पन आज शनवार हाय. शनवारी मी डेअरीतल्या कुनाला वळखत न्हाई. सोमवारी भेटा, तवा वळखीन.” आणि कापसाचं गाठोडं खांद्यावर टाकून ते गर्दीतून निघून गेले. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. मला डेअरीत लागून जेमतेम महिना झाला होता. शेजारच्या खुर्चीवर बसून दिवसभर गप्पा मारणारा माणूस असं करतो म्हटल्यावर मला रागच आला.

सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे आले, निळा एप्रन चढवला, आणि मशीन पुसता पुसता मला म्हणाले, “ताई, शनवारी त्या बाईनं कोथिंबीर महाग दिली तुमाला. फुडल्या खेपेला कोपऱ्यावरच्या म्हातारीकडून घ्या.”

त्यांची ही तऱ्हा समजून घ्यायला मला पुढे बराच काळ लागला. आमचं गाव काष्टीच्या जवळच. गावात एका खासगी डेअरीचं केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या आणि कॅन घेऊन रांगेत उभे राहतात, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनला लागतो, आकडे माझ्या कॉम्प्युटरवर येतात, मी पावती काढून देते. दुधाला भाव काय मिळणार ते त्या मशीनवर ठरतं. म्हणून मशीनला टेस्टर सोडून दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि टेस्टर या गावचा नसावा, असा डेअरीचा नियम. त्याला कारणही होतं. पूर्वी गावातलाच एक टेस्टर होता, आणि त्याच्या मेव्हण्याच्या जर्सी गाईला म्हशीसारखा फॅट लागायचा. मी या गावची सून, आमच्या घरचंही दूध इथेच येतं, त्यामुळे मशीन माझ्यापासून हातभर अंतरावर असूनही मला वर्ज्य.

टेस्टर दोन होते. चाचा काष्टीचे. त्यांच्या करारात सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाकीचे वार श्रीगोंद्याकडच्या एका तरुण मुलाचे. या तीन वारांव्यतिरिक्त चाचा गादीवाले होते. काष्टीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, आत कापूस पिंजायचं मशीन, बाहेर रंगीबेरंगी खोळी टांगलेल्या. वडिलांचा धंदा. पण आता लोक फोमच्या गाद्या आणायला लागले, लग्नसराई सोडली तर दुकानात फार काम नसायचं, म्हणून त्यांनी डेअरीची अर्धी नोकरी धरली होती.

त्यांनी आयुष्याचे सरळ दोन भाग केले होते. डेअरीच्या वारी गादीचं नाव काढायचं नाही. एकदा बुधवारी आमच्या सासऱ्यांनी विचारलं, “चाचा, आमची गादी गोळा झालीय, कधी आनू?” तर चाचा मशीनवरची नजर न काढता म्हणाले, “त्ये गादीवाल्याला इचारा. उद्या दुकानात सापडंल. मानूस बरा हाय.”

लोक हसायचे, पण त्यांना मानायचेही. ते कोरा चहा पीत. दूध तपासणाऱ्यानं दूध पिऊ नये, पक्षपात होतो, असं म्हणायचे. एखाद्याचं दूध पातळ लागलं तर चारचौघांत त्याला कधी पाणी घातलंस असं म्हणाले नाहीत. नुसतं विचारायचे, “म्हैस काल नळाखाली उभी हुती का रं?” माणूस खाली मान घालून पावती घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हैस नळापासून लांब उभी राहायची.

खरी गंमत, म्हणजे तेव्हा मी जिला गंमत म्हणत होते ती, सुट्टीच्या दिवसांची.

“गाईला कॅलेंडर कळत नाही,” हे आमच्या मॅनेजरचं प्रत्येक सणाचं वाक्य. खोटं नव्हतं ते. दिवाळी असो की स्वातंत्र्यदिन, कास भरायची ती भरतेच. पण प्रश्न गाईचा नव्हता, टेस्टरचा होता. सण त्या तरुण मुलाच्या वारी आला की तो आदल्या संध्याकाळीच गावाला पळायचा. मग मॅनेजर चाचांना फोन लावायचा. “चाचा, उद्या या बरं का. तुम्हाला काय, तुमचा सण नाही.”

हे तो वाईटपणानं म्हणायचा नाही. त्यालाही बायको-मुलं होती, सणाला तोही घरची बोलणी खाऊन केंद्रावर यायचा. पण ‘तुमचा सण नाही’ हे त्याच्या तोंडून इतकं सहज निघायचं की ऐकताना मलाच कसंतरी व्हायचं. गुढीपाडवा, दसरा, दिवाळी, सगळीकडे हेच. मे महिन्यात महाराष्ट्र दिन आला, तेव्हा मला वाटलं आता काय म्हणेल? तर म्हणाला, “हा तर सगळ्यांचाच दिवस, सगळ्यांनी यायलाच पाहिजे.” म्हणजे सण चाचांचा नसला तरी त्यांनी यायचं आणि सगळ्यांचा असला तरी त्यांनीच यायचं.

आणि खरोखरच त्यांचा सण आला तेव्हा? ईद नेमकी त्यांच्या वारांच्या आसपास येत होती. मॅनेजर म्हणाला, “उद्या की परवा ते नक्की सांगा, म्हणजे दुसऱ्याला सांगता येईल.” चाचा म्हणाले, “चंद्राला इचारून सांगतो. त्यो बी करारावरच हाय सायेब, आधी कळवत न्हाई.” सगळे हसले. ईदच्या सकाळी तो मुलगा उशिरा आला, तोवर चाचाच मशीनवर होते, आणि नमाज व्हायची ती होऊन गेली. दुपारी शीरखुर्म्याचा डबा मात्र आला, आणि त्यातला पहिला वाटा त्यांनी त्या मुलालाच दिला.

सुट्टीचा जादा रोज डेअरी द्यायची, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तरी त्यांना ते बोलावणं लागत होतं हे मला त्या दसऱ्याला कळलं.

दसरा गुरुवारी आला होता. दारात रांग लागलेली, चाचांचा पत्ता नाही. मग त्यांची जुनी मोपेड आली, पण ती नेहमीसारखी मागच्या शेडमध्ये न जाता पुढच्या फाटकापाशी थांबली. चाचा उतरले. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्रीचा, डोक्यावर टोपी, अंगाला अत्तर. ते दारापर्यंत आले, चपला बाहेर काढल्या आणि चौकटीवर टकटक करून म्हणाले, “हाय का कुनी घरात?”

मॅनेजर बघतच राहिला. “चाचा, लवकर एप्रन घाला, दूध खोळंबलंय.”

“एप्रन?” चाचा आत आले आणि मॅनेजरच्या समोर, आल्यागेल्यासाठी ठेवलेली खुर्ची असते ना, तिच्यावर ऐसपैस बसले. “एप्रन कामावरच्या मानसाचा. माझं काम सोम, बुध, शुक्कर. आज गुरवार हाय. तुमी बोलावलं, म्या आलो. मंजी आज म्या पाव्हना.” मग त्यांनी घाम पुसला. “बरं हाय ना समदं? पोरंबाळं? दूधदुभतं?”

मॅनेजर चिडला. चाचा शांतपणे बसून राहिले. बाहेर कॅन आपटायला लागले. कुणीतरी आत डोकावून विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि ती गोष्ट रांगेच्या टोकापर्यंत जायला वेळ लागला नाही. मागून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, “आवो मॅनेजर, सनासुदीचं दारात पाव्हना आलाय, पानी तरी द्या!”

आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी न देता कामाला लावणं म्हणजे फारच झालं. ते मॅनेजरलाही कळत होतं. मी उठले, तांब्या भरून आणला. चाचांनी पाणी घेतलं, मी केलेला कोरा चहा घेतला, ‘साखर जरा जास्त झाली पन पाव्हन्यानं नावं ठिवू न्हाई’ असंही म्हणाले. मग उठून बाह्या दुमडल्या. “चला. आलोच हाय तर हातभार लावतो.”

त्या दिवशी त्यांनी नेहमीइतक्याच नेटानं काम केलं. कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. काम संपल्यावर मात्र ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले, निघेनात. पाहुण्याला वाटे लावायला घरच्यानं जायचं असतं. शेवटी मॅनेजर उठून गेला आणि कसाबसा म्हणाला, “या परत.”

“बोलवा, मंग यीन की,” चाचा म्हणाले आणि मोपेडला किक मारली.

त्यानंतर करारापलीकडच्या प्रत्येक सुट्टीला हेच. टकटक, पाणी, चहा, विचारपूस, हातभार, वाटे लावणं. मॅनेजरही हळूहळू सरावला. पाणी मी ठेवायच्या आधी तोच पुढे करायला लागला. रांगेतले लोक तर वाट बघायचे. दिवाळीत घराघरातून त्यांच्यासाठी फराळाच्या पुड्या यायच्या, कारण पाहुणा आहे म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? करंज्या, चकल्या, अनारसे. चाचा सगळं नीट बांधून डिकीत ठेवायचे. स्वतः एक शंकरपाळंसुद्धा तोंडात टाकायचे नाहीत.

मला वाटलं होतं, हा त्यांचा विक्षिप्तपणाच. मॅनेजरची जिरवायची म्हणून काढलेली युक्ती. एका दिवाळीत पुडी बांधताना मी विचारलं, “चाचा, खरं सांगा. तुम्हाला घरी सण नसतो, रोज मिळतोय, दुकानही त्या दिवशी चालत नाही. मग एवढं का टोचतं?”

ते गाठ मारत होते. गाठ पक्की झाल्यावर म्हणाले, “सन माझा नसंल, ताई. सुट्टी माझ्या पोरीची हाय.”

मग मला रेश्मा कळली. चाचांची एकुलती एक मुलगी. आई ती शाळेत असतानाच गेली. चाचांनी गाद्या भरून तिला वाढवलं, शिकवलं, आणि ती बँकेत लागली, तिकडे चंद्रपूरला. तिथून काष्टीला यायचं म्हणजे एक रात्र जाते, परत जायचं म्हणजे दुसरी. साध्या रविवारात ते बसत नाही. सणाची सुट्टी रविवारला जोडून आली तरच ती यायची. आणि तशी सुट्टी आली की सकाळी सहाला चाचा आमच्या डेअरीत. ते दुपारी घरी जायचे तेव्हा रात्रभराच्या प्रवासानं दमलेली पोरगी झोपलेली असायची. संध्याकाळचं दूध घेऊन परत जायचे तेव्हा तिची गाडी सुटायची वेळ झालेली असायची. आमच्या गावातल्या कुणाच्या घरची करंजी खुसखुशीत आणि कुणाची कडक, हे रेश्माला पाठ होतं. कारण बाप घरी आणायचा तो फराळच.

“मग सांगा ना मॅनेजरला,” मी म्हटलं.

“काय सांगू? दर येळी पोरीचं नाव फुडं करू? करारात तीन वार हायेत, त्ये त्याला वाचता येत्यात. बाकीचे वार माझे हायेत, म्या का येत न्हाई त्ये सांगितल्यावरच माझे हुत्यात असं न्हाई.”

मला हे तेव्हा पुरतं पटलं नव्हतं. माणसानं अडचण सांगावी, समोरचा ऐकतो, असं माझं मत. आता वाटतं त्यांचं बरोबर होतं. कारण सांगितलं की त्याचं वजन होतं, हे कारण मोठं की ते मोठं, आणि आपली सुट्टी दुसऱ्याच्या तराजूत जाते. चाचांना ते नको होतं. मशीनवर दुसऱ्याचं दूध तोलताना त्यांनी हे रोज पाहिलेलं होतं.

मग ती दिवाळी आली. सोमवारी, म्हणजे त्यांच्या वारी, चाचा मला म्हणाले, “रेश्माचं प्रमोशन झालं. आफिसर झाली.” मी पेढे मागितले तर त्यांनी खिशातून काढून दिले, पण चेहरा पेढ्यांचा नव्हता. तिला ओडिशात पाठवलं होतं. पाडवा करून परवा निघायचं.

“लांब आहे,” मी म्हटलं.

“लांबचं काय न्हाई हो. रेल्वे जाती. पन तिकडच्या सुट्ट्या येगळ्या. आपला पाडवा तिकडं न्हाई, तिकडचं काय असंल त्ये आपल्याला ठावं न्हाई.” ते बराच वेळ मशीनची नळी पुसत राहिले. “आजपतोर ती येत तर हुती. आता उद्याची सुट्टी मंजी तिची आन माझी एकाच दिवशी येनारी शेवटची सुट्टी.”

पाडवा मंगळवारी होता. तो मुलगा गावाला गेलेला. मॅनेजरनं नेहमीचं सांगितलं, चाचांनी एप्रन काढून खुंटीला लावला. “उद्या मी येनार न्हाई, सायेब. पाव्हना म्हनून बी न्हाई.”

मॅनेजरला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, “चाचा, मार्चमध्ये करार नवे करायचेत. मी काय लिहू वर? नीट विचार करा.”

“केला,” चाचा म्हणाले.

पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं ते मी पहाटेच उरकलं आणि डेअरीत आले. रांग लागली, मशीन बंद. मॅनेजरनं तीन-चारदा फोन लावला. चाचांनी एकदाच उचलला असावा, कारण मॅनेजर फोनकडे बघत म्हणाला, “मंगळवारी मी डेअरीतल्या कुणाला ओळखत नाही म्हणतो!” रांगेत हशा पिकला. तो हशा ऐकून मॅनेजर अजूनच लाल झाला. “तुम्ही जा,” तो मला म्हणाला. “तुमचं ऐकेल तो. स्कूटर काढा, घेऊन या त्याला.”

मी गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. मार्चची आठवण द्यायची, नोकरी जाईल म्हणायचं, एका सकाळचा तर प्रश्न आहे म्हणायचं. खरं सांगायचं तर मला ती नोकरी त्यांनी घालवू नये असं मनापासून वाटत होतं. फोमच्या गाद्यांपुढे त्यांचं दुकान किती दिवस टिकणार होतं?

दुकानाचं अर्धं शटर वर होतं. आत जमिनीवर निळ्या फुलांच्या खोळीत भरलेली नवी गादी पसरलेली. एका बाजूला चाचा हातात दाभण घेऊन टाके घालत होते, दुसऱ्या बाजूला एक सडपातळ मुलगी गुडघ्यांनी कोपरा दाबून बसली होती. केसांत कापूस अडकलेला. दोघं भांडत होते.

“पप्पा, तिथं गाद्या मिळतात.”

“मिळत्यात. पन आत काय भरलंय त्ये कुनी बघितलंय?”

“आणि रेल्वेत एवढी कशी नेऊ मी?”

“गुंडाळून. म्या बांधून देतो. तू निसती धर.”

मी शटरखालून वाकून आत आले. चाचांनी मान वर केली. त्यांनी मला पाहिलं, मी का आले तेही त्यांना कळलं. मग ते उठून उभे राहिले, मान झुकवली आणि त्याच बाजारातल्या अदबीनं म्हणाले, “कोन आपन? या, या. रेश्मा, पाव्हन्यांना पानी दे.”

रेश्मानं पाणी आणलं. मी घेतलं. ठरवून आलेलं एकही वाक्य आठवेना. चाचा पुन्हा टाक्याला बसले. रेश्मा चहा टाकायला उठली, तसा तिचा कोपरा मोकळा सुटला, आणि कापूस एका बाजूला सरकू लागला.

“जरा धरता का?” चाचांनी विचारलं. “पाव्हन्याला काम सांगू न्हाई खरं.”

“आलेच आहे तर हातभार लावते,” मी म्हटलं आणि कोपरा दाबून बसले.

ते हसले. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रेश्मा आतून विचारत होती काय झालं म्हणून.

माझा फोन वाजला. मॅनेजर. “भेटला का?”

“भेटले,” मी म्हटलं. “पण आज मंगळवार आहे साहेब. त्यांनी मला ओळखलं नाही.”

चहा पिऊन मी निघाले. चाचा आणि रेश्मा दोघंही मला स्कूटरपर्यंत सोडायला आले. “या परत,” चाचा म्हणाले.

डेअरीत पोचले तेव्हा मला वाटलं होतं की गोंधळ असेल, दूध नासायला लागलं असेल. तर रांगच संपलेली. टाकी भरलेली, दूध थंड करणं चालू होतं. झालं होतं एवढंच, की तो दसऱ्याचा खणखणीत म्हातारा पुढे येऊन म्हणाला होता, “आवो, कालचाच फॅट धरा की ज्याचा त्याचा. येका दिसात म्हस काय बदलती व्हय?” मॅनेजरनं वर फोन करून विचारलं, वरच्यांनी ठीक म्हटलं, आणि सगळ्यांचं दूध कालच्या आकड्यांवर घेतलं. कुणी कुरकुर केली नाही. मी पावत्या भरल्या तेव्हा उन्हं नुकती वर आली होती.

त्या दिवशी मी बराच वेळ त्या बंद मशीनसमोर बसले होते. इतका सोपा उपाय होता. इतक्या सणांना, इतक्या सुट्ट्यांना, हे कुणाला का सुचलं नाही? मग कळलं की सुचायची गरजच पडली नव्हती. एक माणूस येत होता ना. तो येत होता तोवर दुसरं काही करून बघायचं कारण नव्हतं. मला मॅनेजरचा राग आला, वरच्यांचा आला, आणि कालचाच धरा म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचाही थोडा आला, हे त्याला आधी का सुचलं नाही म्हणून.

मार्चमध्ये चाचांचा करार पुढे झाला नाही. मॅनेजर म्हणाला, वरूनच आलं. आम्ही काहीजण बोललो, रांगेतले लोकही बोलले, पण तो नुसता हात हलवत राहिला. शेवटच्या शुक्रवारी चाचांनी एप्रन स्वतः धुऊन, वाळवून, घडी घालून आणला. नेहमीसारखं दूध तपासलं. जाताना ते मागच्या शेडमधून निघाले, पुढच्या फाटकातून नाही, कारण त्या दिवशी ते पाहुणे नव्हते. मॅनेजर तरीही धावत शेडपर्यंत गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला एका शनिवारी मी काष्टीच्या बाजारात गेले. गादीच्या दुकानावरून जाताना सवयीनं मान खाली घातली. उगाच आपण हाक मारायची आणि त्यांनी कोण म्हणायचं. तर मागून आवाज आला.

“ताई! अवो ताई!”

मी थबकले. चाचा दुकानाच्या पायरीवर उभे होते, अंगावर कापसाची पिसं.

“चाचा,” मी म्हटलं, “आज शनिवार आहे.”

“असू द्या की. आता समदे वार माझेच. कवाबी वळखायला मोकळा हाय. या, पानी घ्या.”

मला आधी हसू आलं. त्यांनी ओळखलं नाही तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं, जितकं त्या दिवशी ओळखल्यावर वाटलं.

आत भिंतीवर एक मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावरची अक्षरं गोल गोल, मला एकही वाचता येईना. “रेश्मानं धाडलंय,” चाचा म्हणाले. “तिकडचं हाय. वाचता मला बी येत न्हाई. पन लाल रंग कळतो न्हवं?” त्यांनी एका लाल चौकोनावर बोट ठेवलं. “ह्यो फुडला सोमवार. तिकडं कसलातरी सन हाय, पोरी झोपाळे बांधत्यात म्हनं. तिला सुट्टी. मंग म्या बी दुकान बंद ठिवनार. सकाळपासनं फोनवर बोलत बसतो. ती तिकडं भाजी चिरती, म्या हिकडं चिरतो.”

पुढच्या सोमवारी सकाळचं दूध उरकून मी काष्टीला गेले. काम बँकेत होतं, पण वाकडी वाट करून दुकानावरून गेले. शटर खाली होतं. आतून मात्र बोलण्याचा आणि मध्येच हसण्याचा आवाज येत होता. सायकलला जुनी गादी बांधून एक माणूस बाहेर उभा होता, शटर वाजवू की नको अशा विचारात. आजूबाजूची सगळी दुकानं उघडी होती, रस्ता नेहमीसारखा वाहता.

“आज का बंद हाय हो?” त्यानं मला विचारलं. “त्यांचा कसला सन हाय का आज?”

“सण नाही,” मी म्हटलं. “सुट्टी आहे. उद्या या.”